विठ्ठल रामजी शिंदे : धर्म शिकावयास गेलेला विद्यार्थी

कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे हे नाव आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकिले असेल. कोणी त्यांस महर्षी म्हणतात, कोणी अण्णासाहेब म्हणतात. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी केलेले कार्य शाळेच्या पुस्तकांतूनही थोडेफार येते. परंतु हेच गृहस्थ तरुणपणी विलायतेस जाऊन दोन वर्षे तत्त्वज्ञान व धर्म हे विषय शिकले, आणि त्या अभ्यासाने त्यांच्या ठायी काय घडले, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. आज तीच सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ही हकीकत निवडण्यास एक कारण आहे. हिंगणघाट व वर्धा या बाजूच्या मंडळ्यांतील मुलेमुली शिक्षणासाठी नागपुरास जातात. मुलगा शिक्षक होणार, मुलगी परिचारिका होणार, हे आईबापांस समजते व आवडते. पण एखादा मुलगा तत्त्वज्ञान हा विषय घेऊ म्हणाला, किंवा सर्व धर्मांचा तुलनेने अभ्यास करू म्हणाला, की घरात चिंता शिरते. हा विषय पोट भरील काय, ही एक चिंता. दुसरी तिच्याहून मोठी : मुलाचा विश्वास राहील काय ? उपासनेस न चुकता येणारी मुले अशा अभ्यासानंतर मागच्या बाकावर बसू लागली, व पुढे तेथेही दिसेनाशी झाली, असे पाहिलेले वडीलधारे आहेत. त्यांची चिंता पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. प्रेषित पौल अथेनै येथे एपिकूरपंथी व स्तोयिक पंडितांशी वाद करण्यास उभा राहिला, हे आपण शब्बाथ शाळेत शिकवितो. पण आपलेच लेकरू त्या पंडितांच्या पाठशाळेत जाऊन बसू म्हणते तेव्हा आपला धीर सुटतो.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे त्या वेळी एक लहान संस्थान होते. आज ते गाव कर्नाटकात आहे. घरात मराठी, बाजारात कानडी, अशा मुलखात त्यांचे बालपण गेले. वडील रामजी हे वारकरी होते, आई यमुनाबाई. घरात भजन, कीर्तन, साधुसंतांची वर्दळ असे. पुढे संपत्ती गेली व दारिद्र्य आले, तरी भजन गेले नाही. देव हा घरातील मनुष्यांसारखा जवळचा, अशीच त्या मुलाची समजूत झाली असली पाहिजे. चालीप्रमाणे बालपणीच लग्नही झाले. पत्नीचे नाव रुक्मिणीबाई.

१८९१ मध्ये ते मॅट्रिक झाले व पुढे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले. पैसा नव्हता. मराठा विद्यार्थ्यांस साहाय्य करणाऱ्या डेक्कन मराठा असोसिएशनने व बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी हात दिला. त्यांची बहीण जनाबाई हिचे सासरी फार हाल झाले. तिलाही त्यांनी माघारी आणून पुण्यात शाळेत घातले. स्वतःचीच फी भरण्याची पंचाईत असता बहिणीस शिकविणारा भाऊ त्या काळी विरळा होता, आणि आजही तो वाटेल तितका सापडत नाही. ही बहीण पुढे त्यांच्या सर्व कार्यात खांद्यास खांदा लावून उभी राहिली.

पुण्यात एक गोष्ट मात्र घडली, आणि ती आमच्या वाचकांच्या ओळखीची आहे. मिल, स्पेन्सर इत्यादी इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ हाती आले आणि जमखंडीहून आणलेली भाबडी श्रद्धा सुटली. देव आहे हे कशावरून ? असला तरी तो जाणता येतो हे कशावरून ? गावातील भजनात ह्या प्रश्नांची उत्तरे नव्हती, कारण तेथे ते प्रश्नच कोणी विचारीत नसत. म्हणजे विलायतेस जाण्यापूर्वी, धर्माचा रीतसर अभ्यास सुरू होण्यापूर्वीच, त्यांच्या श्रद्धेस धक्का बसून गेला होता. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अभ्यासाने विश्वास जातो असे आपण म्हणतो, परंतु पुष्कळदा तो अगोदरच हलत असतो व विद्यार्थी उत्तर शोधण्यासाठीच त्या अभ्यासाकडे वळतो. शिंदे यांचे तसेच झाले. मॅक्स म्यूलर यांच्या धर्मविषयक ग्रंथांनी त्यांस दाखविले की, धर्माकडे डोळे उघडे ठेवून पाहता येते व पाहूनही त्याचा आदर उरतो. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, न्यायमूर्ती चंदावरकर अशा थोरांच्या सहवासाने ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले. १८९८ मध्ये ते बी. ए. झाले व त्याच सुमारास समाजाचे सभासद झाले. मूर्तिपूजा नाही, जातिभेद नाही, एका देवाची प्रार्थना, असा हा पंथ. मुंबईत कायद्याचा अभ्यास सुरू केला होता, तो सोडून त्यांनी धर्मप्रचारकाचे काम पत्करण्याचे ठरविले. वकिलीत पैसा होता, प्रचारकीत नव्हता.

आता विलायतेचा योग कसा आला ते सांगितले पाहिजे. इंग्लंडात व अमेरिकेत युनिटेरियन नावाचा एक पंथ आहे. देव एकच आहे, त्रैक्य नाही, आणि येशू हा देवाचा अवतार नसून महान गुरू आहे, असे त्यांचे मत. हे मत आमच्या मंडळीच्या विश्वासास मुळीच जुळत नाही, व येशू ख्रिस्तास केवळ गुरू म्हणून थांबणाऱ्यांबरोबर आम्हांस फार दूर जाता येत नाही. तथापि जे खरे ते सांगितले पाहिजे. अमेरिकेतील युनिटेरियन पाळक सन्डरलंड हे १८९५-९६ मध्ये हिंदुस्थानात आले होते. त्यांच्या प्रयत्नाने अशी योजना झाली की, ब्राह्म व प्रार्थना समाजातील होतकरू तरुणांस ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. बंगालचे पुढारी बिपिनचंद्र पाल हे १८९८ मध्ये ह्याच रीतीने तेथे गेले. पुढे शिंदे यांची निवड झाली. तुम्ही युनिटेरियन व्हा, अशी अट घातलेली नव्हती. प्रवासखर्चास सयाजीराव महाराजांनी मदत केली. घरची माणसे मागे ठेवून सप्टेंबर १९०१ मध्ये शिंदे आगबोटीत चढले. त्या वेळी त्यांचे वय २८ वर्षांचे होते.

मँचेस्टर कॉलेजाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चची मतपत्रिका मान्य असल्याची सही केल्यावाचून ऑक्सफर्ड विश्वविद्यालयात कोणास प्रवेश मिळत नसे, असा एक काळ होता. ज्यांची सद्सद्विवेकबुद्धी त्या सहीस कबूल होत नसे, त्यांच्या मुलांस उच्च शिक्षणाची दारे बंद. अशा लोकांनी १७८६ मध्ये मँचेस्टर शहरात स्वतःची विद्याशाळा काढली. १८७१ मध्ये कायद्याने ऑक्सफर्डचे बहुतेक निर्बंध उठले, आणि १८८९ मध्ये ही विद्याशाळा ऑक्सफर्डास येऊन राहिली. सही न केल्यामुळे ज्यांस बाहेर ठेविले, तेच शेवटी त्या शहरात आपली शाळा घेऊन आले व त्यांनी आपल्या दारावर कोणाकडूनही सही मागितली नाही. विश्वविद्यालयाचे पूर्ण अंग म्हणून ह्या कॉलेजास मान्यता मिळावयास १९९६ साल उजाडले. गेर्ट्रूड फॉन पेट्झोल्ड ही बाई ह्याच कॉलेजात शिकली व १९०४ मध्ये लेस्टर येथील मंडळीची पाळक झाली. इंग्लंडात रीतसर पाळकपद मिळालेली ती पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतात.

येथे शिंदे काय शिकले ? प्राचार्य जेम्स ड्रमंड हे नव्या कराराचे मोठे पंडित होते. अप्टन हे तत्त्वज्ञान शिकवीत. एस्टलिन कार्पेंटर हे सर्व धर्मांच्या तुलनेचे शास्त्र शिकवीत. ते स्वतः पाली भाषेचेही जाणते होते. पाली व बौद्ध धर्म ह्या विषयांत ऱ्हिस डेव्हिड्स यांच्यासारख्या विद्वानाचा लाभ झाला. अप्टन हे जेम्स मार्टिनो यांच्या परंपरेतील. मार्टिनो हे १९०० मध्ये, म्हणजे शिंदे पोचण्याच्या आदल्याच वर्षी, वारले होते. मनुष्याच्या विवेकबुद्धीत, हे कर व हे करू नको असे जे आतून सांगितले जाते त्यात, देवाचा अधिकार प्रकट होतो, असा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. पुण्यात जे प्रश्न मिल व स्पेन्सर यांनी उभे केले होते, त्यांस येथे निदान उत्तर देण्याचा यत्न होत होता, आणि तोही प्रश्नांस न भिता.

धर्मांच्या तुलनेचे शास्त्र म्हणजे काय, हे आमच्या शेतकरी वाचकांस सांगणे कठीण नाही. हिंगणघाटचा कापूस एके काळी लांब व मऊ धाग्यासाठी दूरदूरच्या बाजारांत नावाजलेला होता. बाजारात कापूस पारखणारा मनुष्य बोंड उघडतो, धागा ओढून पाहतो, त्याची लांबी व बळ पाहतो. ह्या गावचा माल, त्या गावचा माल, सर्व त्याच्या बोटांस ठाऊक. त्याचप्रमाणे हा विद्यार्थी वेद पाहतो, त्रिपिटक पाहतो, कुराण पाहतो, पवित्र शास्त्रही पाहतो. कोठे काय सारखे, कोठे काय वेगळे, कोणते मत कोणत्या काळी उगवले, हे तो शिकतो. ह्यात पाप नाही. मात्र पारखणाऱ्याजवळ स्वतःचे शेत असेलच असे नाही, आणि पुष्कळ पंडितांचे हेच होते. शंभर धर्मांचा धागा ओढून पाहतात, पण स्वतः पेरीत काही नाहीत. शिंदे यांच्याविषयी आमचा आदर आहे तो ह्यासाठी की, त्यांनी पेरावयाचे सोडले नाही. ऑक्सफर्डात असतानाही ते उपासनेस जात, निरनिराळ्या पंथांची देवळे पाहत, आणि जे पाहिले त्याची पत्रे मुंबईच्या 'सुबोध पत्रिके'स पाठवीत. ती पत्रे वाचताना दिसते की, पुस्तकांइतकेच माणसांकडेही त्यांचे लक्ष होते.

आणि माणसांतच त्यांस सर्वांत मोठा धडा मिळाला. लंडनसारख्या शहरांच्या दरिद्री वस्त्यांत युनिटेरियन लोकांनी गरिबांसाठी मिशने चालविली होती. घाणेरड्या गल्ल्यांतून शाळा, उपासना, आईबापांच्या सभा, आजाऱ्यांची विचारपूस, असे त्यांचे काम होते. ते काम शिंदे यांनी जवळून पाहिले. जेथे देवाविषयी सूक्ष्म चर्चा चाले, त्याच पंथाची माणसे सायंकाळी ह्या गल्ल्यांत दिसत. हे पाहून त्यांस स्वदेशातील महारवाडा व मांगवाडा आठवला असल्यास नवल नाही. सप्टेंबर १९०३ मध्ये हॉलंडातील आम्स्टरडॅम येथे उदार धर्माची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यात हिंदुस्थानातील उदार धर्मावर त्यांनी निबंध वाचला. आणि ऑक्टोबरात ते मुंबईस उतरले.

परत आल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य बंधूंची एक सभा रात्री उशिरा भरली होती, तिला ते गेले. त्या लोकांची स्थिती पाहून, ह्यांच्यासाठी कायमचे काही केलेच पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला. अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम तोवर अनेक वर्षे चालले होते व हजारो महारमांग ख्रिस्ती झाले होते. शिंदे यांस हे माहीत होते. मिशनऱ्यांच्या शाळा व वसतिगृहे यांकडे त्यांनी शत्रूच्या नजरेने पाहिले नाही, शिकणाऱ्याच्या नजरेने पाहिले. पण त्यांचे म्हणणे असे की, ह्या लोकांनी धर्म बदलल्यावाचूनही त्यांचे दुःख हलके झाले पाहिजे, व ते करणे हे स्पृश्य हिंदूंचे कर्तव्य आहे. येथे आमचे व त्यांचे मार्ग वेगळे होतात. असे असले तरी, शेजाऱ्याच्या घरास आग लागली असता पाणी घेऊन धावणाऱ्यास त्याचा पंथ विचारीत बसणे आम्हांस शोभत नाही.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ भागात त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली, आणि जी संस्था स्थापिली तिला 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी' हे नाव दिले. इंग्रजीत तिला डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणत. अध्यक्ष चंदावरकर, चिटणीस शिंदे, आणि पहिली मोठी देणगी शेठ दामोदरदास सुखडवाला यांची. नावातील मंडळी हा शब्द व मिशन हा शब्द, दोन्ही आमच्या घरच्यासारखेच वाटतात. पण नावाहून महत्त्वाचे हे की, ते कचेरीत बसून चिटणीसपण करणारे नव्हते. घरची माणसे घेऊन ते अस्पृश्यांच्या वस्तीजवळ राहावयास गेले. रुक्मिणीबाई व जनाबाई ह्या मुलांची वेणीफणी, आंघोळ, आजारपण पाहत. ऑक्सफर्डहून शिकून आलेल्या मनुष्याच्या घरातील बायकांनी हे करावे, ह्याचे त्या काळच्या उच्चवर्णीयांस काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. आपल्या नातेवाइकांकडून व जातभाईंकडूनही त्यांस फार सोसावे लागले. त्यांच्या थोरवीचा अर्धा वाटा त्या दोन स्त्रियांचा आहे असे आमचे मत आहे, आणि चरित्रे लिहिणाऱ्यांनी तो पुरेसा दिला आहे असे आम्हांस वाटत नाही.

पुढील वर्षांचे काम थोडक्यात सांगतो. संस्थेच्या शाखा इतर शहरांत निघाल्या. आमच्या विदर्भात अमरावती व अकोला येथेही काम झाले. १९१२ पासून पुणे हे मुख्य ठिकाण झाले, व तेथे होळकर संस्थानच्या देणगीने अहल्याश्रम उभा राहिला. देवाच्या नावाने मुली सोडण्याच्या मुरळीच्या चालीविरुद्ध त्यांनी चळवळ केली. १९१७ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते.

पण सर्वच मान्य झाले असे नाही, आणि हे लपविल्यास चरित्र खोटे होईल. १९२० मध्ये नागपुरास अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष कोल्हापूरचे शाहू महाराज. कायदेमंडळातील अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतर निवडून आलेल्या सभासदांनी निवडावे, अशी सूचना शिंदे यांच्या मंडळीकडून झाली होती, तरुण डॉ. आंबेडकर यांनी तिच्यावर कडक टीका केली. आमचा प्रतिनिधी आम्हीच निवडू, ही त्यांची मागणी. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले, त्यांच्यातूनच असा विरोध उठावा, हे शिंदे यांस किती लागले असेल ! तरी आम्हांस वाटते, ती मागणी न्याय्य होती. सेवा करणारा मनुष्य कितीही प्रेमळ असला, तरी ज्याची सेवा करावयाची त्याच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यास आपोआप मिळत नाही. ही गोष्ट मिशनऱ्यांसही फार उशिरा कळली. १९२३ मध्ये शिंदे यांनी संस्थेचा कारभार सोडला. आप्त व मित्र दुरावले, एकाकीपणा आला. ज्या मनुष्याचा धर्म केवळ ग्रंथांतला असतो तो अशा वेळी एक तर कडवट होतो किंवा स्वस्थ बसतो. हे मंगळूरकडे ब्राह्म समाजाच्या कामास गेले. शेतकऱ्यांच्या परिषदा भरविल्या. १९३० मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, मिठाच्या सत्याग्रहात सहा महिन्यांची शिक्षा भोगून आले. कुटुंबाने एकत्र बसून उपासना करावी ह्यावर त्यांचा उतारवयात विशेष भर असे, व त्यासाठी त्यांनी पुण्यात कौटुंबिक उपासना मंडळ चालविले.

आणि ऑक्सफर्डचा अभ्यास ? तो वाया गेला काय ? मुलाच्या वह्यापुस्तकांवर झालेल्या खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या वडिलांस हा प्रश्न पडणारच. १९२७ मध्ये शिंदे ब्रह्मदेशास जाऊन तेथील बौद्ध जीवन पाहून आले. १९३३ मध्ये त्यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता अनादि आहे, देवाने केलेली आहे, असे जे सांगितले जात होते, त्याची त्यांनी इतिहासाने झडती घेतली. जातींची नावे कोठून आली, जुन्या ग्रंथांत त्या लोकांची स्थिती काय होती, बौद्ध वाङ्मय काय सांगते, हे त्यांनी एकेक शब्द उलगडून पाहिले. तीस वर्षांपूर्वी विलायतेत घेतलेले पालीचे व तुलनेचे शिक्षण येथे महारवाड्याच्या कामी आले. त्यांचे सर्व निष्कर्ष आज विद्वान मान्य करतीलच असे नाही; पण धर्माच्या नावाने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे तपासून पाहण्याचे धैर्य त्या ग्रंथात पानोपानी आहे. दुसऱ्याच वर्षी, १९३४ मध्ये, बडोद्याच्या साहित्य संमेलनात तत्त्वज्ञान व समाजशास्त्र ह्या शाखेचे अध्यक्षपद त्यांस मिळाले.

ख्रिस्ती ते झाले नाहीत. नवा करार ड्रमंड यांच्यासारख्या पंडिताजवळ बसून शिकले, येशूविषयी आदर बाळगला, आणि तेथेच थांबले. आम्हांस ह्याचे वाईट वाटते, व ते आम्ही लपवीत नाही. वडिलांच्या भजनातील तुकोबा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पुण्यात शिकताना जो देव हरवला होता, तो मात्र त्यांस पुन्हा सापडला व पुढे कधी हरवला नाही, असे त्यांच्या आठवणी वाचणाऱ्यास दिसून येते.

शेवटची वर्षे आजारात गेली. २ जानेवारी १९४४ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय ७० वर्षांचे होते.